थोरली जाऊ, मोठ्या मॅडम

४ जून

धाकटे,

बातमी खरी आहे का गं? आज सकाळी ट्रान्स्पोर्ट ऑफिसातल्या कारकुनाने सगळ्या ड्रायव्हरांसमोर नव्या कर्नल साहेबांचं नाव वाचून दाखवलं आणि आमच्या ह्यांच्या हातातला चहा अंगावर सांडला. कारकून म्हणाला, "काय झालं, ओळखीचे आहेत का?" हे म्हणाले, "छे, चहा गरम होता."

घरी आल्यावर मात्र वेड्यासारखे हसत सुटले. स्वतःचा सख्खा धाकटा भाऊ, ज्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, तो ह्यांच्या छावणीचा साहेब! बावीस वर्षं ट्रक चालवतोय हा माणूस, पण एवढा उड्या मारताना मी कधी पाहिला नव्हता. मग एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "आता मला त्याला सलाम ठोकावा लागेल." म्हटलं, ठोका की, तुमच्या हाताला काय धाड भरली आहे?

मला किती आनंद झालाय म्हणून सांगू. तुझं लग्न होऊन पहिली दोन वर्षं आपण एका स्वयंपाकघरात काढली, त्यानंतर पंधरा वर्षं नुसती पत्रं. तुला साधा चहा करता येत नव्हता, आठवतं? पातेली काळी करून ठेवायचीस आणि माझ्या मागे लपायचीस. आता इथल्या झाडून सगळ्या बायका तुझ्यासमोर कप घेऊन उभ्या राहणार. मी एकटी कोपऱ्यात उभी राहून हसणार.

आमच्या क्वार्टरला पाणी सकाळी सहाला येतं आणि सव्वासहाला जातं. तुमच्या बंगल्याला दिवसभर असतं म्हणे. गोधड्या धुवायला मी तुझ्याकडेच येणार, आधीच सांगून ठेवते. शिवणघर माझ्याकडेच आहे अजून. गणवेश आखूड करणं, पट्ट्या लावणं, साहेबांच्या बायकांचे कपडे सैल करणं, हे शेवटचं काम सगळ्यात जास्त.

ह्यांची नोकरी मार्चमध्ये संपते. म्हणजे आठ-नऊ महिने का होईना, आपण सगळे एका ठिकाणी. ये लवकर.

तुझी थोरली


११ जून

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग ह्यांना वाचून दाखवलं. हेही हसले. मग ह्यांनी जे सांगितलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहायलाच हवं.

हे म्हणतात, दादा आणि आपण भाऊ आहोत हे छावणीत कुणाला कळता कामा नये. उद्या दादांना रजा मिळाली तर लोक म्हणतील भावाने दिली. नाही मिळाली तर म्हणतील बघा, स्वतःच्या भावाला विचारत नाही. दोन्हीकडून दादांचंच नाव खराब होणार. आपलं आडनाव शेकड्याने सापडतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नाही. दादांनी त्या कारकुनाला जे उत्तर दिलं ते ऐकून ह्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "दादाला न सांगता कळतं."

तेव्हा वहिनी, चारचौघांत तुम्ही मला मॅडम म्हणा. मला हे लिहिताना किती लाज वाटते आहे ते तुम्हालाच कळेल. फोनवर बोलायची सोय नाही, एक्स्चेंजमधला ऑपरेटर सगळं ऐकतो. पण तुमचं शिवणघर आहेच. मी कपडे दुरुस्तीला पाठवीन, पिशवीच्या तळाशी पत्र ठेवीन. तुम्हीही तसंच उत्तर धाडा. घरी मात्र तुम्ही वहिनीच.

तुमची धाकटी


२ जुलै

धाकटे,

पिशवीत काल तुझा तिसरा ड्रेस आला. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी एक चांगला हुक उसवला आणि परत लावला. हे असंच चाललं तर लोकांना वाटेल नव्या मॅडम आल्यापासून फुगत चालल्यात.

परवाच्या महिला मंडळाबद्दल लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितेच. पुढे गाद्यांच्या खुर्च्या, त्यामागे वेताच्या, त्यामागे लोखंडी घडीच्या, आणि आम्ही भिंतीला. हे मला नवीन नाही. बावीस वर्षं मी भिंतीलाच आहे. नवऱ्याच्या खांद्यावर जेवढ्या पट्ट्या, तेवढी बायकोची खुर्ची पुढे. मेजरीणबाई तर आपल्या नवऱ्याला बढती मिळाली त्या आठवड्यात वेतावरून गादीवर सरकल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा हसू आलं होतं.

पण तू आत आलीस आणि मी उठले ना, तेव्हा हसू आलं नाही. तू बसेपर्यंत सगळ्या उभ्या. मग मेजरीणबाईंनी मला खूण केली, "मॅडमना चहा." मी सोनेरी काठाचा कप घेऊन आले. तू माझ्याकडे न बघता कप घेतलास. मला ठाऊक आहे तुला बघवलं नाही. तरी घरी जाऊन मी रडले, आणि वर ह्यांना सांगितलं की कांदा चिरत होते. ते म्हणाले, "कांदा कुठाय?"

रागावले नाहीये. नुसतं सांगतेय.

थोरली


५ जुलै

वहिनी,

त्या कपातला चहा मला गेला नाही. तुम्ही मागे वळलात तेव्हा तुमच्या टाचेला भेग पडलेली दिसली आणि मला वाटलं आता उठावं, ओरडून सांगावं की ही माझी थोरली जाऊ आहे, हिने माझ्या नवऱ्याला नऊ वर्षांचा असल्यापासून जेवू घातलंय. नाही उठले.

तुमच्याशी खोटं कशाला बोलू. मी आत गेल्यावर सगळ्या उठतात तेव्हा बरंही वाटतं हो. मी काय केलंय त्यासाठी? परीक्षा दिली नाही, कवायत केली नाही. लग्न केलं, एवढंच. पण पहिल्या काही दिवसांत कानकोंडी व्हायचे, आता कुणी उठायला उशीर केला तर लक्षात राहतं. मीच मला कधीकधी ओळखू येत नाही.

मार्च येऊ दे. दादांची नोकरी संपली की तुम्ही दोघं आमच्या बंगल्यात राहायला या. तेव्हा कुणाची भीती?

तुमची धाकटी


९ सप्टेंबर

धाकटे,

आज पहिल्यांदाच तुझ्याकडे काही मागते आहे.

ह्यांचा उजवा खांदा गेला आहे. गेले तीन महिने. शर्ट घालताना हात वर जात नाही, मी बाही ओढून देते. छावणीच्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. गेले तर कागदावर येईल, कागदावर आलं की लगेच घरी बसवतील, आणि पूर्ण नोकरी करून बाहेर पडल्याचा मान हातचा जाईल. "बावीस वर्षं चालवली, शेवटचे सहा महिने आजारी म्हणून काढू?" असं म्हणतात. हट्ट तुला माहीत आहे.

रोजच्या कामाचं काही नाही. पण चौदा तारखेला घाटातून सामान जायचं आहे, अकरा गाड्या, आणि ह्यांच्याकडे सगळ्यात जड ट्रक आहे. त्या वळणांवर स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं. काल पाण्याची बादली उचलताना ह्यांच्या हातातून सुटली. मला त्या ट्रकचं चाक दिसायला लागलं गं.

भाऊजींच्या कानावर घाल. फक्त चौदा तारीख. हलकं काहीतरी काम द्या, कारण विचारू नका, कागद करू नका. ह्यांना कळलं तर मला घराबाहेर काढतील, तरी मागते.

थोरली


१० सप्टेंबर

वहिनी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. हे माझ्याने होणार नाही.

आज दादांसाठी सांगितलं, तर उद्या दुसऱ्या कुणाची बायको माझ्या दाराशी येईल आणि तिला मी काय तोंडाने नाही म्हणू? हुद्दा ह्यांचा आहे, माझा नाही. ह्यांच्या कामात मी कधी एक अक्षर बोललेली नाही आणि ह्यांनीही ते कधी खपवून घेतलेलं नाही. दादांना समजवा, डॉक्टरकडे न्या. सरळ मार्ग तोच आहे.

माझा राग मानू नका.

धाकटी


१२ सप्टेंबर

मॅडम,

आपला निळा ड्रेस तयार आहे. कंबरेला एक बोट सैल केला आहे.

शिवणघर


२ ऑक्टोबर

मी तुला काय म्हणून हाक मारू, ते ठरत नाही म्हणून नुसतंच लिहिते.

अठरा दिवस झाले. माणसं येतात, बसतात, जातात. घाटात दरड आली, दहा गाड्या पुढे निघून गेल्या आणि शेवटची दुरुस्तीची गाडी दरडीखाली सापडली, हे मला आता पाठ झालंय. त्यात तिघं होते, हेही पाठ झालंय. ट्रक चालवणारा माणूस दुरुस्तीच्या गाडीत कसा, हे मला कुणी सांगत नाही, पण मला विचारायची गरजही नाही. खांद्याने वाटेत दगा दिला असणार आणि मागच्या गाडीत नेऊन बसवलं असणार. म्हणजे तिथपर्यंत दुखरा हात घेऊन किती वळणं ओढली असतील ह्यांनी, ते मी रोज मोजते.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. काल ऑफिसातल्या कारकुनाची बायको आली होती. साधी बाई आहे, बोलता बोलता बोलून गेली. म्हणाली, चौदा तारखेला साडेअकरालाच खबर आली होती आणि एक कॅप्टन चिठ्ठी घेऊन कर्नल साहेबांच्या बंगल्यावर गेले होते.

साडेअकरा.

आणि चार वाजता मंडळात जनरल साहेबांच्या बायकोचा सत्कार होता. तू तो निळा ड्रेस घालून आलीस. मी उठले. मी तुझी खुर्ची मागे ओढून दिली. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "तुम्ही बसा ना." मला वाटलं, बाई विरघळली, नाही म्हटल्याचं वाईट वाटतंय हिला. मी मनातल्या मनात तुला माफही करून टाकलं. मग मी दीड तास ट्रे घेऊन फिरले. मेजरीणबाईंच्या विनोदावर हसले. घरी जाऊन ह्यांच्यासाठी पाणी तापत ठेवलं, आल्यावर खांदा शेकायला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दाराशी गाडी आली.

तू मला माझ्या नवऱ्याच्या मरणाच्या दिवशी चहा वाटू दिलास.

अंत्यविधीला भाऊजी माझ्यासमोर ताठ उभे राहिले, सलाम केला आणि म्हणाले, "बाई, आम्हाला तुमचा अभिमान आहे." बाई! ज्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या तो मला बाई म्हणाला. सख्खा भाऊ गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही.

एकच सांग मला. आत आलीस की सगळ्यांनी उठायचं, गादीची खुर्ची घ्यायची, सोनेरी काठाचा कप घ्यायचा, तेव्हा तो हुद्दा तुझा असतो. आणि एका माणसासाठी एक शब्द टाकायची वेळ आली की तो हुद्दा नवऱ्याचा होतो. हे कसं काय गं?


५ ऑक्टोबर

वहिनी,

तुम्ही लिहिलंत त्यातलं एक अक्षर खोटं नाही.

चिठ्ठी ह्यांच्या हातची होती. घाटाकडे निघताना गाडीतच लिहिलेली. "शेवटची गाडी गेली. दादा त्यात आहे. ओळख पटल्याशिवाय घरी कळवायचं नाही असा नियम आहे. तू मंडळात नेहमीसारखी जा. गेली नाहीस तर सगळ्या छावणीला कळेल." बाकी दोघांच्या बायकाही त्याच हॉलमध्ये होत्या, वहिनी. एकजण तुमच्या शेजारीच भिंतीला उभी होती. दुसरी पोटुशी आहे. तुम्हाला सांगितलं असतं तर त्यांनाही तिथेच कळलं असतं, आणि ओळख अजून पटलेली नव्हती. मला वाटत होतं, कदाचित चूक असेल. कदाचित कुणी जिवंत असेल. तुमचा हात मी त्यासाठी धरला होता. पुढचं काही मला आठवत नाही, त्या जनरलीणबाई काय बोलल्या तेही नाही.

हे झालं नियमाचं. राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही मागितलंत आणि मी नाही म्हटलं. चूक माझी आहे. तुम्ही मला जे बोलाल ते मी ऐकीन, कधीच बोलला नाहीत तर तेही सोसेन. तुमचा काहीही दोष नाही, वहिनी. एवढं मात्र रोज स्वतःला सांगा. तुमचा काहीही दोष नाही.

धाकटी


२० नोव्हेंबर

वहिनी,

दीड महिना झाला. पिशवी चार वेळा पाठवली, चारही वेळा कपडे दुरुस्त होऊन आले आणि तळाशी काही नव्हतं.

क्वार्टर तुम्हाला डिसेंबरअखेर सोडावं लागणार असं कळलं. आमच्याकडे या. आता कुणाला काय कळायचं ते कळू दे. हे म्हणाले आहेत, मी स्वतः सगळ्यांना सांगेन की तो माझा भाऊ होता. हे रोज ऑफिसातून येतात आणि जेवणाच्या टेबलाशी नुसते बसून राहतात. घास तसाच. तुम्ही आलात तर निदान तुमच्या धाकाने जेवतील.

धाकटी


२३ नोव्हेंबर

नको. माझ्या माहेरगावी बहिणीने एक खोली बघितली आहे. शिवणाचं मशीन मावेल एवढी आहे.

जिवंतपणी ज्यांना भाऊ म्हणायला जमलं नाही, त्यांनी आता सांगून काय करायचं? तुझ्यावरचा राग आहे म्हणून मी सकाळी उठते, तोंड धुते, चार घास खाते. तो मला राहू दे.


९ डिसेंबर

धाकटे,

काल जाड्या आला होता. ह्यांचा ट्रक त्या दिवशी ज्याने चालवला तो. तीन महिने सुट्टीवर होता, काल हजर झाला आणि ट्रकच्या केबिनमधलं ह्यांचं सामान घेऊन आला. चष्म्याची डबी, एक फडकं, अर्धा साबण. बसला, ढसाढसा रडला. मी त्याला पाणी दिलं.

मग म्हणाला, "वहिनी, कर्नल साहेबांसारखा माणूस होणे नाही. तेरा तारखेला संध्याकाळी साहेबांचा स्वतःचा फोन आला ट्रान्स्पोर्टला. म्हणाले, त्यांना ट्रक देऊ नका, मागच्या दुरुस्तीच्या गाडीत बसवा, त्यांना घाट माहीत आहे, मागून नुसतं लक्ष ठेवतील. कारण नाही, कागद नाही, पण त्यांचा खांदा आम्हाला ठाऊक होताच. एवढ्या मोठ्या माणसाने एका ड्रायव्हरच्या खांद्याची काळजी करावी!" वर म्हणाला, "ते तर खूश होते. सकाळी निघताना मला म्हणाले, जाड्या, आज मी साहेबासारखा बसून जाणार."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं.

ट्रक तेव्हाच परत आलाय. मी आज जाऊन पाहून आले. ओरखडासुद्धा नाही त्याला.

तू बोलली होतीस ना? खरं सांग. आता माझ्यापासून काही लपवलंस तर तुझं तोंड पाहणार नाही.

थोरली


११ डिसेंबर

वहिनी,

हो.

तुम्हाला दहा तारखेला नकार लिहिला तेव्हा खरंच नाही म्हणायचं होतं. मग बारा तारखेला ड्रेस आला आणि त्यात ती चिठ्ठी. "मॅडम." पिशवीच्या तळाशी, जिथे तुम्ही कायम "धाकटे" लिहिता तिथे. ती वाचून मला काय झालं ते सांगता येणार नाही. तेरा तारखेला जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. खांदा, बादली, शर्टाची बाही. मला वाटलं ओरडतील. पण नाही. ताटावरून तसेच उठले आणि फोन उचलला. एवढ्या वर्षांत घरच्या माणसासाठी ह्यांनी फोन उचलल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. ठेवल्यावर म्हणाले, "दादाला घरी ठेवलं तर डॉक्टरचा कागद मागतील आणि तो अडकेल. शेवटच्या गाडीत ठेवलाय. सगळ्यात सुरक्षित जागा तीच." आणि मग हसले. म्हणाले, "पहिल्यांदा मी त्याच्यासाठी काहीतरी केलं."

तुम्हाला मी कसं सांगू वहिनी? तुम्ही लिहिलंत की मी शब्द टाकला नाही म्हणून दादा गेले. मी वाचलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, बरं झालं, असंच समजू दे. मला शिव्या घालतील, पण "मी मागितलं नसतं तर" हे त्यांच्या मनात कधी येणार नाही. ह्यांनाही मी शपथ घातली होती. कागदोपत्रीही काही नव्हतं. जाड्याच्या तोंडाला कुलूप घालायचं राहून गेलं.

हे अंत्यविधीला रडले नाहीत, असं तुम्ही म्हणता. त्यांना रडायची भीती वाटते. एकदा सुरू झालं तर "मी मारलं" असं तोंडातून जाईल, म्हणून. गणवेश काढला की खुर्चीत बसतात आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतात. फोन वाजला की उचलत नाहीत, मला उचलायला लावतात.

आता तुम्हाला कळलं. माझं लपवणं संपलं. माझा धीरही.

तुमची धाकटी


२० डिसेंबर

धाकटे,

नव्या खोलीतून लिहिते आहे. सामान अजून बांधलेलंच आहे, पेन तेवढं सापडलं.

नऊ दिवस मी तुला पत्र लिहिलं नाही. आधी वाटलं, बरं झालं, तू वाईट नव्हतीस. तासभर फार बरं वाटलं. मग ते सगळं माझ्याकडे वळलं. मी नऊ तारखेला ते पत्र लिहिलं नसतं, तर हे आपला ट्रक घेऊन ताफ्यात तिसऱ्या नंबरावर गेले असते आणि संध्याकाळी खांदा धरून कुरकुरत घरी आले असते. मी गरम पाण्याची पिशवी दिली असती. एवढंच झालं असतं गं.

तुझ्यावर रागावणं सोपं होतं. तू समोर होतीस, मॅडम होतीस, खुर्चीत होतीस. तुला बोल लावला की मला झोप यायची. दोन-अडीच महिने तू माझे बोल खाल्लेस, एकदाही तोंड उघडलं नाहीस, आणि मी तुला काय काय नाही म्हटलं. ते सगळं मी परत घेते. परत घेऊनही काही होत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी तुला विचारलं होतं, हुद्दा कुणाचा. त्या तेरा तारखेला तू मॅडम नव्हतीस. ताटावर बसून थोरल्या जावेचा खांदा नवऱ्याला सांगणारी धाकटी जाऊ होतीस. मला तेवढंच हवं होतं, तेवढंच तू दिलंस. आणि भाऊजींनीही भाऊ म्हणून फोन उचलला. ह्यांच्या आयुष्यात एक दिवस त्यांच्या धाकट्या भावाने त्यांना साहेबासारखं बसवून नेलं. निघताना ते हसत गेले, जाड्याने पाहिलंय. मी स्वतःला हे सांगते. दुपारपर्यंत पुरतं. मग पुन्हा ती दरड दिसते.

भाऊजींना इकडे घेऊन ये. गणवेश नको, गाडी नको, कुणी बरोबर नको. बसने या. मला वहिनी म्हणायला सांग, आणि जे तोंडातून जाईल म्हणून घाबरतात ते इथे येऊन माझ्यासमोर बोलू देत. मीही बोलेन. मी मागितलं, तू सांगितलंस, त्यांनी केलं. तिघांनी मिळून एका माणसाची काळजी केली आणि तो गेला. हे जगात तिघांनाच माहीत आहे, बाकी कुणापाशी मला रडता येत नाही. बहिणीला मी फोनचं तेवढं सांगितलंय, ती विचारते, "आता कशाला रडतेस, साहेबांनी तर किती केलं त्यांच्यासाठी," आणि मी मान हलवते.

रविवारी या. शक्य असेल तर शनिवारीच या. एकटीने हे मला पेलत नाही.

थोरली